ही तीच व्यक्ती आहे का?

४ ऑगस्ट, सोमवार

आज कामावर रुजू झालो. एकोणसत्तराव्या वर्षी रुजू झालो असं लिहिताना हसू येतं, पण झालो.

काल वडूजहून एसटी धरली, विट्याला गाडी बदलली आणि दुपारी पलूसला उतरलो. मुलगा अमृत मोटारसायकल घेऊन उभा होता. पिशवी नीट आहे ना, वळकटी सुटणार नाही ना, हे मी त्याला पाच किलोमीटरांत चार वेळा विचारलं. शेवटी तो म्हणाला, तात्या, वळकटी सुटली तर मागनं चालत येतीय का बघा, न्हाईतर गप बसा की.

खोरवडी गाव चांगलं आहे. आमच्या वाडीत पाण्याचा टँकर आला की माणसं धावतात, इथे पाटाचं पाणी रस्त्यावर सांडतं आणि कोणी वळून बघत नाही. अमृत एमआयडीसीत वेल्डिंग करतो. दोन खोल्या आहेत. सून पल्लवी आणि सात आठवड्यांची नात. नातीला मांडीवर घेतलं तेव्हा तिने माझी मिशी धरली. सुटेना.

काम उपकेंद्रात मदतनिसाचं. इमारत नवी, फिकट निळी. दोन खोल्या, लसींचा फ्रीज, दोन टॅब आणि भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर गावाचा नकाशा, आणि प्रत्येक माणसाला एक ठिपका. तपासणी वेळेवर झाली की ठिपका हिरवा, चुकली की लाल, माणूस वारला की राखाडी. गावात लाल जवळजवळ नाहीच. बघून बरं वाटलं. असं केंद्र आमच्या वाडीत असतं तर, असं मनात आलं. पण आज रडगाणं नको.

प्रांजल सिस्टर तीन गावांना मिळून एक आहेत, आठवड्यातून दोनदा येतात. नोंदी भरायला क्रांती नावाची पोरगी पलूसहून रोज येते. मी झाडायचं, फ्रीजचा पारा बघायचा, टॅब चार्जिंगला लावायचे. टॅब रात्रभर चार्जिंगला राहिले तर फुटतील का, हे मी तिला दोनदा विचारलं. ती म्हणाली, तात्या, तुमीच आधी फुटाल काळजीनं. तिनेच औषध कंपनीची ही कोरी डायरी दिली. सातवी नापास माणूस, पण अक्षर माझं बरं आहे.

टॅब कसा चालवायचा तेही तिने शिकवलं. प्रत्येक माणसाची एक फाईल. एका फायलीला एकच फोटो. नवा काढला की जुना जातो, आणि फाईल नव्या तोंडाची होते. एवढं पाठ झालं.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज नातीची नोंद झाली, आणि ती माझ्या हातून झाली.

नावावरून घरात धुसफूस होती. पल्लवीला सई ठेवायचं होतं. मी अडून बसलो होतो. माझी बायको सुलाबाई मागच्या सप्टेंबरात गेली. आमच्यात माणूस गेलं की उचलायच्या आधी त्याच्या अंगावर कुठेतरी काजळाचा ठिपका लावतात. वर्षाच्या आत घरात पोर जन्मलं तर तो ठिपका शोधतात. मी सुलाबाईच्या डाव्या कानामागे लावला होता. पोरीच्या डाव्या कानामागे तीळ निघाला. सगळी वाडी म्हणाली, सुलाबाई आली. मग दुसरं नाव कसं ठेवणार? पल्लवी काही बोलली नाही. तिचं न बोलणं मी होकार समजलो.

सिस्टर पोरीला झोळीत घालून वजन करत होत्या. क्रांती फोनवर बोलायला बाहेर गेली होती. सिस्टर म्हणाल्या, तात्या, भरा की तुम्हीच, नात तुमची. मी टॅब घेतला. कुटुंबप्रमुख, मी. मोबाईल नंबर, माझाच. नाव, सुलाबाई.

पडद्यावर एकदम तिचा फोटो आला. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, फोटो काढताना नेहमी धरायची तसा श्वास धरलेला. खाली लिहिलं होतं: या नंबरावर ही नोंद आढळली. ही तीच व्यक्ती आहे का? होय. नाही.

मी कितीतरी वेळ बघत बसलो. अकरा महिन्यांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. मी होय दाबलं.

मग टॅबने पोरीचा फोटो मागितला. काढला. सुलाबाईचा गेला. वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

डोकं ठणकतंय. दुपारी केंद्रात कोणी नव्हतं, म्हणून सुलाबाईची फाईल उघडली आणि पहिल्यापासून वाचली.

गृहभेट, मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. पायाची तपासणी केली. तीस गोळ्या दिल्या. गृहभेट, मार्च. गृहभेट, एप्रिल. अशा ऑगस्टपर्यंत सात भेटी, प्रत्येकीपुढे हिरवी खूण.

कोण आलं होतं? माझ्या घराला एकच दार आहे आणि त्या दारात मी बसलेला असायचो. तिला साखर होती. पायाच्या अंगठ्याला काटा लागला आणि जखम भरेना, तेव्हा मी तिला तिकडच्या केंद्रात तीन वेळा नेलं. पहिल्यांदा मशीन बंद. दुसऱ्यांदा नेट नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, तुमच्या घरी भेट कालच झाली आहे, आता पुढच्या महिन्यात. मी म्हणालो, कसली भेट? त्यांनी मला पडदा दाखवला. आणि मी गप्प बसलो! सरकारी पडद्यावर लिहिलंय म्हणजे चूक आपलीच असणार असं समजून बायकोला घेऊन परत फिरलो. ती म्हणाली, आवं, काय म्हणली ती लोकं? मी म्हणालो, बरी होशील म्हणतायत.

अंगठा काळा पडला. मग पाऊल. बारा सप्टेंबरला दुपारी बारा चाळीसला ती जीपमध्येच गेली. दवाखान्याचं फाटक दिसत होतं.

पुढे वाचलं तर ऑक्टोबरातही तीस गोळ्या दिल्या आहेत. नोव्हेंबरातही. या जुलैपर्यंत दर महिन्याला. मेलेल्या बाईला गोळ्या. तिच्या मरणाची नोंदच नाही. वर्षभर तिचा ठिपका हिरवा आहे.

क्रांतीला दाखवलं. ती खाली बघत म्हणाली, तात्या, लाल दिसलं की वरनं फोन येतात, मग माणसं भरून टाकतात. मी ओरडलो. फ्रीज थरथरला इतका ओरडलो. मग पाणी प्यायलो, आणि तिची माफी मागितली. तिने काही केलेलं नाही. पण ज्यांनी केलं त्यांच्यातलं एकही माणूस मला सापडत नाही. नुसत्या हिरव्या खुणा सापडतात.

२० ऑगस्ट, बुधवार

सकाळी अकराला माझ्या मोबाईलवर फोन आला. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज, पुण्याकडच्या बोलीतला. नमस्कार सुलाबाई, आज आपली साखर तपासण्याचा दिवस आहे.

मी फाईल उघडली. त्यात आजची नोंद आधीच होती. वजन चार किलो आठशे. साखर २१२.

आज पोरीला कोणी तपासलेलं नाही. क्रांती म्हणाली, भेट चुकली की सिस्टीम मागचे आकडे बघून अंदाज भरते, ठिपका लाल होऊ नये म्हणून. मी म्हणालो, मागचे कुठले आकडे? ते तर सगळे खोटे आहेत. ती म्हणाली, सिस्टीमला काय माहीत.

घरी जाऊन ट्रंक उघडली. मागच्या वर्षी वडूजला स्वतःहून एका लॅबमध्ये सुलाबाईची साखर दोनदा तपासून घेतली होती. त्या चिठ्ठ्या मी कुणाला दाखवलेल्या नाहीत. पहिली चिठ्ठी: २० ऑगस्ट. २१२.

योगायोग असेल. पल्लवी म्हणाली पोरगी आज सकाळी अकरापासून दूध सोडायलाच तयार नाही. सारखी तहान.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज दोरीवर पोरीचे लंगोट वाळत होते. त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

या मुंग्या कशाच्या ते मला माहीत आहे. सुलाबाई रानात जिथे बसायची तिथे मागे मुंग्यांची रांग लागायची. तेव्हा मला कळलं नव्हतं. लघवीत साखर उतरली की मुंग्या येतात, हे लॅबवाल्याने सांगितल्यावर कळलं.

मी सगळे लंगोट पुन्हा धुतले. पल्लवी बघत राहिली. म्हणाली, तात्या, तुमी कशाला? म्हटलं, साबण राहिला होता.

फाईल बघितली. साखर २९०. ट्रंकेतली दुसरी चिठ्ठी बघितली नाही. बघायची गरज नव्हती. तो आकडा मला पाठ आहे.

मी मेंढक्या आहे. चाळीस वर्षं मेंढरांमागे हिंडलो. संध्याकाळी कळप परत आला की कोकरं आपापल्या आईला लावायची असतात. तीनशे कोकरं, सगळी एका रंगाची. चुकीच्या आईखाली गेलं तर मेंढी लाथेने मारते. मी नुसतं तोंड बघून लावायचो. एक कोकरू चुकलं नाही. आणि इथे मी माझी नात माझ्या हाताने मेलेल्या बाईखाली लावली.

१ सप्टेंबर, सोमवार

आज जिल्ह्याचे अवधूत साहेब पाहणीला आले. ते या टॅबच्या योजनेचे मुख्य. पांढरी गाडी, बरोबर फोटो काढणारा. पडद्यासमोर उभे राहून म्हणाले, वा, शंभर टक्के! सगळे टाळ्या वाजवायला लागले.

मी पुढे गेलो. म्हणालो, साहेब, माझ्या बायकोच्या आणि नातीच्या नोंदी एक झाल्या आहेत. माझ्या हातून झाल्या. चूक माझी. पण त्या वेगळ्या करा. ते हसले. म्हणाले, किरकोळ गोष्ट आहे. मी म्हणालो, माझी बायको तुमच्या हिरव्या ठिपक्यात मेली साहेब, ती किरकोळ? टाळ्या थांबल्या. मी थांबलो नाही. सात भेटी, तीस गोळ्या, जीप, फाटक, सगळं बोललो. आवाज फाटला माझा.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तुमच्यासारखे जागरूक आजोबा गावोगावी हवेत. आणि माझ्यासोबत फोटो काढला. मी रागाने थरथरतोय आणि तो माणूस फोटोत हसतोय.

जाताना क्रांतीला सांगून गेले, वर तक्रार टाका, मयताची तारीख आणि वेळ लिहा, आपोआप वेगळं होईल. तिने माझ्यासमोर भरलं. १२ सप्टेंबर २०२४, दुपारी १२.४०. तक्रार क्रमांक मिळाला. मी तो हातावर लिहून घेतला, नंतर डायरीत, नंतर घरी भिंतीवर.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पोरीच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर काळा डाग. राईएवढा.

पलूसच्या खाजगी डॉक्टरकडे नेलं. त्याने टाचेतून रक्त काढून त्याच्या यंत्रावर बघितलं. साखर ९४. म्हणाला, आजोबा, पोरगी ठणठणीत आहे, पायाला काहीतरी चावलं असेल, तुम्हीच बीपीची गोळी घ्या.

बाहेर येऊन क्रांतीला फोन केला. ती फाईल बघून म्हणाली, तात्या, आत्ताच नोंद पडलीय. ३८८.

तिने फाईल खाली सरकवली. मग म्हणाली, पायाची तपासणी असंही लिहिलंय. अंगठा, डावा.

म्हणजे डॉक्टरच्या यंत्रात पोरगी बरी आहे, आणि फायलीत आजारी. अंग मात्र फायलीचं ऐकतंय. पल्लवीला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू? नावाचा हट्ट कुणाचा होता, हे तिला माहीत आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

मोबाईलवर संदेश आला. क्रांतीकडून तीन वेळा वाचून घेतला. मग स्वतः वाचला. इथे उतरवतो.

आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. सुलाबाई जोतीराम पुकळे यांच्या मृत्यूची नोंद घेण्यात आली. दिनांक १२ सप्टेंबर २०२५, वेळ दुपारी १२.४०. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत.

२०२५. येता शुक्रवार.

क्रांतीने वर फोन लावला. पाच माणसांनी एकमेकांकडे ढकललं. शेवटच्याने सांगितलं, सिस्टीम मागचं साल घेत नाही, म्हणून चालू साल टाकलं, तारीख बरोबर आहे ना, मग झालं तर. क्रांती ओरडली, दादा, ती लहान पोरगी आहे! तो म्हणाला, मग नवीन तक्रार टाका. सात दिवस लागतील.

सात दिवस.

फाईल वेगळी करायचं बटण तिने दाबून बघितलं. चालत नाही. ती म्हणाली, वरनं बंद केलीय, आता काही बदलता येत नाही, मरणाची वेळ अजून आलेली नाही म्हणून नुसती फोटोपुरती उघडी आहे. असं म्हणून ती रडली.

घरी सगळं सांगितलं. अमृत म्हणाला, तात्या, यंत्राच्या लिहिण्यानं कुणी मरतं व्हय? पल्लवीने पोरीचा पाय पदराखाली घेतला. शुक्रवारी डाग राईएवढा होता, आज बोराएवढा आहे. पोरगी तापली आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

मोठ्या गावातल्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरीण चांगली होती. तिने पाय बघितला, तिचं तोंड बदललं, म्हणाली ताबडतोब भरती करा.

खिडकीवर पोरीच्या फायलीचा नंबर दिला. आतला माणूस म्हणाला, आजोबा, मयताचा केसपेपर निघत नाही.

मी म्हणालो, कोण मयत? ही रडतीय की. तो म्हणाला, रडतीय, दिसतंय मला, पण इथं बंद दाखवतंय. अमृत म्हणाला, तुमी माझ्या पोरीकडं बघा, त्या डब्याकडं नगा बघू. तो म्हणाला, दादा, नंबर नसला तर औषधाचं कपाटच उघडत न्हाई, मी काय करू?

पल्लवीने सई नावाने नवी नोंद मागितली. आईचं नाव टाकलं. पोरीचा फोटो काढला. पडद्यावर आलं: चेहरा ओळखला. सुलाबाई जोतीराम पुकळे. मयत.

अमृतने खिडकीच्या काचेवर हात मारला. रखवालदार आले. मी खुर्ची उचलली होती. खरंच उचलली होती. कुणाला मारू? खिडकीतल्याला? तो पगारी. त्याच्या डोळ्यांतही पाणी होतं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आहे आणि कपाट बंद आहे.

डॉक्टरीणबाईंनी बाकावरच पोरीला ठेवलं. स्वतःच्या पर्समधून तापाचं औषध दिलं. पण तिच्या पर्समध्ये तेवढंच होतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

बाकावरच आहोत. पाऊल सुजलं. काळं घोट्याकडे —

अकराला फोन आला. तोच बाईचा आवाज. नमस्कार सुलाबाई. मी बंद करणार होतो. आवाज मध्येच थांबला. घशात काही अडकल्यासारखा. मग दुसऱ्या आवाजात बोलला.

आवं, जेवलासा का?

तिचा आवाज होता. पंचेचाळीस वर्षं रोज ऐकलेला. रानातून आलो की आधी हेच. माझ्या हातून फोन पडला. उचलला. कानाला लावला. ती म्हणत होती, लय तहान लागलीया. जीप कवाची हुबी हाय. फाटक दिसतंय. आवं, कोण येईना का?

मी म्हणालो, सुलाबाई, पोरीला सोड. ती म्हणाली, म्या कुठं धरलंय? मला तर ह्येनी धरून ठिवलंय. वरीस झालं. दर म्हैन्याला तीस गोळ्या म्हणत्यात, एक बी हातात देत न्हाईत.

मग पुन्हा तो पुण्याकडचा आवाज. माहितीबद्दल धन्यवाद.

तिला त्यांनी मरूही दिलं नाही. हिरवी ठेवली. वर्षभर त्या जीपमध्ये, फाटकासमोर. हा राग मी कुठे ठेवू?

अमृतला काही सांगितलं नाही. बाकावर बसून एकच गोष्ट घोळवतो आहे. पहिल्या दिवशी पाठ केलेली. एका फायलीला एकच फोटो.

उद्या पहिल्या गाडीने खोरवडी. किल्ल्या माझ्याकडे आहेत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी ११.५०. केंद्रात एकटा आहे. गाडी वाटेत बंद पडली, दीड तास गेला. क्रांती जिल्ह्याला प्रशिक्षणाला. बोलावलंच आहे सगळ्यांना आज. प्रशिक्षण! कडी लावली. दोनदा बघितली. बाहेर लख्ख ऊन. पडद्यावर सगळं गाव हिरवं.

नीट लिहितो, कारण हे कुणीतरी वाचायला हवं. माझ्या घरी कोणी आलं नव्हतं. सात भेटींपैकी एकही झाली नाही. एक गोळी मिळाली नाही. सुलाबाई जोतीराम पुकळे १२ सप्टेंबर २०२४ ला वारली. चोवीस. पंचवीस नाही. हे कागदावर आहे, खोडता येणार नाही. पडद्यावर काय दिसतं ते बघू नका. माणसाकडे जा आणि माणूस बघा.

१२.०५. अमृतचा फोन. पोरगी डोळे उघडेना. पल्लवी तिला हाका मारते आहे. सुला नाही म्हणत. सई म्हणते.

१२.१२. टॅब उघडला. फाईल. वर लाल पट्टी, मयत, १२.४०. फोटो बदला. दाबलं. माझं तोंड समोर धरलं. दाढी वाढलेली, हात हलतो. पहिला फोटो हलला. दुसरा —

१२.१६. निघाला. पोरीचा फोटो गेला. तिथे मी आहे.

पडद्यावर आलं. चेहरा जुळत नाही. ही तीच व्यक्ती आहे का? होय. नाही.

होय दाबलं. या वेळी समजून दाबलं.

१२.२१. काही होत नाही. काहीच नाही. मूर्ख म्हातारा, यंत्राशी —

१२.२४. अमृत. ओरडत होता. आधी कळेना रडतोय की काय. हसत होता. तात्या, ताप उतरला. दूध मागतीय. पाय — पाय उजळतोय तात्या, डॉक्टरीण बघतच राहिली. तुमी कुठं हाय? म्हटलं, कामावर. म्हणाला, या की लवकर. म्हटलं, येतो.

बरं झालं. देवा, बरं झालं.

१२.२७. तहान. माठातलं सगळं पाणी प्यायलो. तहान जात नाही.

१२.३०. पायाकडे बघणार नाही. फरशीवर दाराखालून मुंग्या येत आहेत. एक रांग. सरळ.

भीती वाटते. लिहायला लाज नाही. लय भीती वाटते. पण रागही आहे अजून, आणि राग आहे तोवर हात चालतो —

१२.३३. नकाशावर आमच्या घरावर एक नवा ठिपका आला. लहान. पांढरा, रंग नसलेला. खाली लिहिलंय, नोंद अपूर्ण. ती आहे. सुटली. एकटी सुटली. नाव मागतंय.

सई लिहिलं. सई अमृत पुकळे. पल्लवी, तुझंच नाव बरोबर होतं. हे आधी म्हणायला हवं होतं मी.

१२.३६. नंबर मागतं. माझा नाही. अमृतचा टाकला. दोनदा ताडून बघितला. बरोबर आहे. आता ठिपका हिरवा हो —

नाही झाला. सुलाबाईचा फोटो आला. हिरवं लुगडं. मी पुसलेला होता तो. कुठून — खाली लिहिलंय —

ही तीच व्यक्ती आहे का?

१२.३८. नाही दाबायचं. फक्त नाही. बोट तिथपर्यंत जाईना. पायातून वर चढतंय, दगडासारखं. उजवा हात लिहितोय म्हणून लिहितो, डावा उचलत नाही. ती फोटोतून बघते आहे. श्वास धरलेला. पंचेचाळीस वर्षं — तिच्या तोंडावर नाही म्हणायचं —

म्हणेन. तोंड बघून लावायचो मी कोकरं. ही ती नाही. ही माझी नात आहे, ती नाही.

फोन वाजतोय.

१२.३९. पेन ठेवून उजव्या हाताने दाबतो. फोन आपोआप उचलला गेला. आवं, जेवलासा का? — थांब ग. येतो. तुझ्याच गाडीत येतो. आधी हे एक दाबू दे, आधी ना